नल्लकुंट्याच्या दवाखान्यावरचे नाव : सर रोनाल्ड रॉस

हैदराबादेतील नल्लकुंटा या वस्तीचे नाव तेलुगू आहे. नल्ल म्हणजे काळे आणि कुंटा म्हणजे लहान तळे. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांनाही ही वस्ती परकी नाही. काळ्या तळ्याचे नाव मिरवणाऱ्या या भागात तापाच्या रोग्यांचे सरकारी इस्पितळ आहे. साथीच्या रोग्यांना वेगळे ठेवण्याची सोय म्हणून निजामाच्या राजवटीत ते सुरू झाले. म्हणून जुने हैदराबादकर त्याला आजही ‘कोरंटी दवाखाना’ म्हणतात. ‘क्वारंटाइन’ या शब्दाचे हे दख्खनी रूप. नव्या पिढीच्या तोंडी ‘फीवर हॉस्पिटल’ आहे. सरकारी दप्तरात मात्र ही संस्था सर रोनाल्ड रॉस यांच्या नावाने नोंदलेली आहे. पावसाळ्यात इथे रोग्यांच्या रांगा लागतात. रांगेतल्या फार थोड्यांना ठाऊक असते की, ज्या इंग्रजाचे नाव या इस्पितळाला दिले आहे, त्याने हिवतापाचे कोडे याच शहराच्या जुळ्या भावंडात, सिकंदराबादेच्या छावणीत, सोडवले होते.

परक्या सत्तेच्या खुणा स्वातंत्र्यानंतर पुसाव्यात की जपाव्यात, हा प्रश्न गोमंतकीयांना नवा नाही. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. ३१ डिसेंबर १९७४ रोजी भारत आणि पोर्तुगाल यांच्यात करार होऊन तुटलेले संबंध पुन्हा जुळले. मधल्या काळात कितीतरी पुतळे उतरले, रस्त्यांची नावे बदलली. तरी पणजीतील उद्यानाला गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे नाव आजही चिकटून आहे. सत्ताधाऱ्यांची नावे गेली आणि वैद्यांची राहिली. असे का व्हावे, याचे उत्तर शोधायचे तर रॉस यांचे चरित्र पाहण्याजोगे आहे. मात्र ते पूजाभावाने वाचून चालणार नाही.

रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयाच्या कुशीतील अल्मोडा येथे झाला. मेरठच्या छावणीत उठावाचा भडका उडाल्याला तेव्हा अवघे तीन दिवस झाले होते. वडील इंग्रजांच्या हिंदी सैन्यातील अधिकारी, पुढे जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचलेले. दहा भावंडांतले रोनाल्ड थोरले. त्या काळच्या रीतीप्रमाणे आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी विलायतेस पाठवण्यात आले. मुलाचा ओढा कविता, संगीत, चित्रकला आणि गणित यांकडे होता. वडिलांच्या मनात मात्र त्याने वैद्य होऊन हिंदुस्थानातील सैनिकी वैद्यकीय सेवेत यावे असे होते. वडिलांचा शब्द मोडवेना म्हणून रॉस लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळात शिकू लागले. अभ्यासात ते फारसे चमकले नाहीत. अखेर १८८१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये त्यांची नेमणूक झाली आणि ते मद्रास इलाख्यात दाखल झाले.

पहिली काही वर्षे मद्रास, बंगळूर, ब्रह्मदेश, अंदमान अशा बदल्यांत गेली. काम थोडे आणि फावला वेळ पुष्कळ. तो वेळ त्यांनी कादंबऱ्या लिहिण्यात, पद्यरचनेत आणि गणिताची पुस्तके वाचण्यात घालवला. बंगळूरचा एक प्रसंग मात्र पुढच्या आयुष्याची सूचना देणारा ठरला. राहत्या बंगल्यात डासांनी उच्छाद मांडला होता. खिडकीजवळच्या पाण्याच्या पिंपात अळ्या वळवळताना रॉस यांना दिसल्या. त्यांनी पिंप उपडे केले आणि डास कमी झाले. छावणीतली इतर भांडीही रिकामी करावीत असे त्यांनी वरिष्ठांना सुचवले, तर ती सूचना उडवून लावण्यात आली. साचलेले पाणी काढा, डास जातील, हे साधे सूत्र त्यांना तेव्हाच सापडले होते. डास आणि ताप यांचा संबंध मात्र अजून त्यांच्या ध्यानीमनी नव्हता.

हिवताप दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेने होतो, अशी त्या काळी पिढीजात समजूत होती. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ अर्थही वाईट हवा असाच आहे. ही समजूत किती महाग पडली, ते जुन्या गोव्याच्या इतिहासावरून आपणास कळते. एके काळी पूर्वेचे वैभव म्हणून गाजलेले ते शहर पटकी आणि हिवतापाच्या साथींनी ओस पडत गेले. व्हाइसरॉयांनी आधी पणेलीत आणि मग पणजीत मुक्काम हलवला, आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. हवा बदलली की रोग टळेल, एवढाच उपाय राज्यकर्त्यांना सुचत होता. १८८० मध्ये अल्जेरियात फ्रेंच सैनिकी डॉक्टर लाव्हराँ यांनी रोग्याच्या रक्तात हिवतापाचा परजीवी पाहिला, तेव्हा पहिली गाठ सुटली. पण तो रक्तात शिरतो कुठून, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

रॉस यांचा तर लाव्हराँ यांच्या शोधावरच विश्वास नव्हता. ताप आतड्यांतील बिघाडामुळे येतो असे ते लिहीत असत. १८९४ मध्ये रजेवर लंडनला गेले असता पॅट्रिक मॅन्सन या अनुभवी डॉक्टरांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली तो परजीवी प्रत्यक्ष दाखवला आणि त्याचा प्रवास डासातून होत असावा, असा आपला तर्कही सांगितला. रॉस यांच्या आयुष्याला इथे दिशा मिळाली. १८९५ मध्ये ते हिंदुस्थानात परतले आणि सिकंदराबादेजवळ बेगमपेठ येथे मद्रासी पलटणीचे वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. पुढील चार वर्षांत त्यांनी मॅन्सन यांना शंभराहून अधिक पत्रे लिहिली. प्रत्येक प्रयोगाचा, प्रत्येक निराशेचा हिशेब त्या पत्रांत आहे.

मॅन्सन यांचा तर्क अर्धा बरोबर आणि अर्धा चूक होता. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्याल्याने माणसाला ताप येतो, अशी त्यांची कल्पना होती. तिची परीक्षा घेण्यासाठी रॉस यांनी काही माणसांना पैसे देऊन तसे पाणी पाजले. आजच्या नीतिनियमांत हे मुळीच बसले नसते. एकाला थोडा ताप आला. पुढच्या प्रयोगांत काहीच निष्पन्न झाले नाही. मग पटकीच्या साथीसाठी रॉस यांना बंगळूरला धाडण्यात आले आणि संशोधन खोळंबले. १८९७ मध्ये निलगिरीच्या पायथ्याशी सिगूर घाटात तपास करताना त्यांना स्वतःलाच हिवतापाने गाठले. त्या भागात त्यांना ठिपकेदार पंखांचे डास दिसले होते. पण त्या दर्शनाचे मोल तेव्हा त्यांना उमगले नव्हते.

त्या वर्षीचा उन्हाळा आणि पावसाळा मराठी माणसाच्या स्मरणातून जाणे शक्य नाही. पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोरे सोजीर घराघरांत घुसत होते. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. जुलैअखेर लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. आरोग्याच्या नावाने येणारा इंग्रजाचा हात लोकांना जुलमाचा हात वाटत होता आणि तसे वाटण्यास पुरेसे कारणही होते. नेमक्या त्याच आठवड्यांत पुण्यापासून काहीशे मैलांवर बेगमपेठेच्या इस्पितळात एक इंग्रज डॉक्टर डासांची पोटे फाडत बसला होता, आणि हुसेन खान नावाचा एक हिंदी रोगी त्याच्यासाठी मच्छरदाणीत डासांना आपले रक्त पाजत होता. एका डासाच्या चाव्याला एक आणा, असा सौदा ठरला होता.

त्या दिवसांतले काम जिवाचा अंत पाहणारे होते. ऑगस्टचा उकाडा असह्य. पण पंखा हलवायला सांगावा तर कापलेल्या डासांचे अवयव उडून जात. कपाळावरच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले, भिंगाला तडा गेला. शेकडो डास तपासूनही हाती काही लागत नव्हते, कारण तपासले जाणारे डास चुकीच्या जातीचे होते. अशा वेळी इस्पितळातील एका हिंदी सहायकाने भिंतीवर बसलेल्या एका लहान डासाकडे रॉस यांचे लक्ष वेधले. इतर डासांप्रमाणे तो भिंतीला समांतर बसलेला नव्हता. शेपटाकडची बाजू बाहेर उचलून बसला होता. आज शाळकरी मुलेही ॲनाफिलीस डास या बैठकीवरूनच ओळखतात. त्याच सुमारास बाटलीत आणलेल्या अळ्यांतून तशा तपकिरी डासांची पैदास झाली आणि १६ ऑगस्ट रोजी ते हुसेन खान यांच्या रक्तावर पोसले गेले.

२० ऑगस्ट १८९७ रोजी दुपारी त्यांपैकी एका डासाचे पोट तपासत असताना जठराच्या भिंतीत रॉस यांना गोल पेशी दिसल्या. पेशींत काळपट रंगद्रव्याचे कण होते. हिवतापाच्या परजीवीत असतात तसेच. दुसऱ्या दिवशी उरलेल्या डासाच्या पोटात त्याच पेशी वाढलेल्या आढळल्या. याचा अर्थ स्पष्ट होता. परजीवी डासात जगतो आणि वाढतो. डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने हा वृत्तांत छापला. २० ऑगस्ट हा दिवस आज जगभर डास दिन म्हणून पाळला जातो.

यानंतर सरकारने या माणसाला मोकळा हात दिला असेल, असे कोणालाही वाटेल. घडले उलटे. महिन्याभरातच रॉस यांची बदली होऊन त्यांना राजपुतान्यातील खेरवाडा या आडगावी पाठवण्यात आले. तिथे हिवतापाचे रोगीच मिळेनात. मॅन्सन यांनी लंडनमध्ये खटपट केल्यावर १८९८ च्या आरंभी कलकत्त्यात त्यांना काही महिन्यांची मुदत मिळाली. कलकत्त्यातही प्लेगच्या धास्तीने लोक डॉक्टरच्या सुईजवळ येईनात. पुण्यातल्या दडपशाहीने जो अविश्वास पेरला होता, त्याचे पीक विज्ञानालाही कापावे लागले. मग रॉस यांनी माणसांचा नाद सोडून पक्ष्यांच्या हिवतापाकडे मोर्चा वळवला. ४ जुलै १८९८ च्या सुमारास परजीवीचा मार्ग डासाच्या लाळग्रंथीपर्यंत जातो हे त्यांना दिसले, आणि डास चावल्यानेच निरोगी पक्षी आजारी पडतात हे त्यांनी सिद्ध केले. पाणी पिऊन नव्हे, हवा हुंगून नव्हे, तर चाव्यातूनच ताप येतो, हे कळण्यास हजारो वर्षे लागली होती.

कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत रॉस एकटे नव्हते. महंमद बक्ष नावाचा मदतनीस डास आणि अळ्या गोळा करीत असे. किशोरीमोहन बंद्योपाध्याय हे सुशिक्षित बंगाली तरुण रोग्यांना विश्वासात घेण्यापासून प्रयोगाच्या तपशिलापर्यंत हातभार लावीत. १९०२ मध्ये रॉस यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा या सहकाऱ्याची कोणी दखल घेतली नाही. जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारख्या हिंदी विद्वानांनी लॉर्ड कर्झनकडे दाद मागितली आणि १९०३ मध्ये किशोरीमोहन यांना सातव्या एडवर्ड बादशहाच्या नावाचे सुवर्णपदक देण्यात आले. मागितल्याशिवाय मिळाले नाही, हे विसरता कामा नये. पण मागितल्यावर मिळाले, हेही नोंदवले पाहिजे.

रॉस १८९९ मध्ये हिंदी सेवेतून निवृत्त होऊन लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या विद्यालयात शिकवू लागले. सिएरा लिओन, सुएझ कालव्याकाठचे इस्माइलिया, मॉरिशस अशा ठिकाणी त्यांनी डासनिर्मूलनाच्या मोहिमा आखल्या. त्यांची आवड असलेले गणित इथे कामास आले. प्रदेशातील एकूण एक डास मारण्याची गरज नाही. त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी साथ आपोआप विझते, हे त्यांनी समीकरणांनी दाखवून दिले. कोविडच्या काळात एका रोग्यापासून सरासरी किती जणांना लागण होते याची चर्चा आपण रोज ऐकत होतो. त्या विचाराच्या पूर्वजांत रॉस यांची समीकरणे येतात. त्या साथीत नल्लकुंट्याचे इस्पितळही संशयित रोग्यांनी भरले होते, हा इतिहासाने जुळवून आणलेला मेळ म्हणावा लागेल.

मोठ्या माणसाचे दोष झाकून चरित्र पुरे होत नाही. रॉस स्वभावाने तापट आणि मानी होते. इटलीच्या ग्रासी यांनी माणसाच्या हिवतापाचे चक्र ॲनाफिलीस डासात पूर्णपणे उलगडून दाखवले होते. पण श्रेयाच्या वाटणीवरून रॉस त्यांच्याशी वर्षानुवर्षे भांडले. ज्या मॅन्सन यांनी त्यांना वाट दाखवली, त्यांच्यावरही पुढे त्यांनी बदनामीचा दावा लावला. आपल्या शोधाचा आर्थिक मोबदला सरकारने द्यावा म्हणून त्यांनी अर्ज केले आणि नकार पचवले. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीसच, ऑगस्ट १९१४ मध्ये, त्यांचा थोरला मुलगा रणांगणी पडला. १९११ मध्ये सरकी मिळाली, १९२६ मध्ये लंडनजवळ त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. तरी १९२८ मध्ये पैशांच्या अडचणीत त्यांना आपली कागदपत्रे विकावी लागली. जानेवारी १९२७ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या संशोधनाचे स्मारक असलेल्या द्वाराचे अनावरण त्यांच्याच उपस्थितीत झाले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

रॉस यांनी आपल्या आठवणी १९२३ मध्ये प्रसिद्ध केल्या. बेगमपेठेच्या भिंतीवरचा तो डास ज्याने दाखवला, त्या इस्पितळ सहायकाचे नाव आपण विसरलो, याची खंत त्यांत त्यांनी स्वतःच नोंदवली आहे. या चरित्रातली ही सर्वांत बोलकी जागा आहे. पलटणीचे, साहेबांचे, बोटींचे बारीकसारीक तपशील ज्याला आठवतात, त्याला नेमक्या त्या माणसाचे नाव आठवू नये! हुसेन खान यांचे नाव राहिले, कारण प्रयोगाच्या वहीत रोगी म्हणून त्यांची नोंद होती. शोधाकडे बोट दाखवणारा मात्र निनावी राहिला. राज्यकर्ता आणि प्रजा यांच्यातल्या स्नेहाची ही खरी मोजपट्टी आहे. दोघे एका खोलीत, एका उकाड्यात, एका कामावर झुकलेले होते. पण एकाचे नाव इतिहासात गेले आणि दुसऱ्याचे नाव शोधकर्त्याच्या स्मरणातही टिकले नाही. अशा संबंधाला निखळ मैत्री म्हणणे धाडसाचे ठरेल आणि नुसती पिळवणूक म्हणणे अन्यायाचे.

स्वतंत्र भारताने या वारशाचे काय केले, हे पाहिले की चित्र अधिक स्पष्ट होते. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दर वर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे ८ लाख लोक त्याने मरत, असा अंदाज आहे. म्हणजे ज्या देशात कोडे सुटले, त्या देशाला त्या उत्तराचा लाभ परक्या राजवटीने अर्धशतकात पुरता पोहोचवलाच नाही. १९५३ मध्ये आपल्या सरकारने राष्ट्रीय मोहीम हाती घेतली आणि १९६५ च्या सुमारास रोग्यांची संख्या लाखाच्या आसपास आली. पुढे ढिलाई झाली आणि १९७६ मध्ये ती पुन्हा ६४ लाखांवर गेली. ज्ञान इंग्रजाच्या नावावर नोंदले गेले. ते घरोघर नेणारे फवारणीवाले, रक्ताचे नमुने घेणारे आरोग्य सेवक मात्र इथलेच होते. त्यांनी त्या बेगमपेठेच्या निनावी सहायकाचेच काम पुढे चालवले.

बेगमपेठेतील रॉस यांच्या कामाची वास्तू आता उस्मानिया विद्यापीठाकडे आहे आणि तिलाही त्यांचेच नाव आहे. नल्लकुंट्यातील पाटीही कोणी उतरवलेली नाही. ती ठेवणाऱ्यांनी एका साम्राज्याला मुजरा केला, असे मानण्याचे कारण नाही. चांगले काम कोणाच्याही हातून घडो, त्याची पावती देण्याइतके मन मोकळे ठेवता येते ते स्वतंत्र झालेल्या माणसालाच. पारतंत्र्यात दिलेला मान सक्तीचा असतो. स्वातंत्र्यात दिलेला मान आपखुशीचा. दोन देशांत जुने हिशेब बाकी असूनही स्नेह उरतो, तो अशा आपखुशीच्या पावत्यांवर.

मात्र पावती एकाच नावाची फाडून भागणार नाही. नल्लकुंट्याच्या त्या इस्पितळात एखाद्या भिंतीवर हुसेन खान, महंमद बक्ष आणि किशोरीमोहन बंद्योपाध्याय यांची नावे कोरली जावीत आणि त्यांच्याखाली एक ओळ कोरी सोडावी. ती ओळ त्या सहायकाची. पावसाळ्यात आपल्या अंगणातले, गच्चीवरचे, बांधकामाच्या टाकीतले साचलेले पाणी आपण ओतून देतो, तेव्हा बंगळूरच्या उपड्या पिंपाची आणि बेगमपेठेच्या भिंतीकडे वळलेल्या त्या बोटाची आठवण ठेवणे, हे आपल्या हाती आहे.